स्वारगेट ते जिल्हा न्यायालय : भाडेकरूच्या बाजूने कोण उभे राहणार?

पहाटेच्या वेळी स्वारगेटच्या एसटी स्थानकावर घटकाभर उभे राहिले, तर पुणे शहर कसे वाढले याचा इतिहास निराळा वाचावा लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कोकण अशा साऱ्या दिशांनी आलेल्या गाड्या येथे रिकाम्या होतात. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन उतरणारा माणूस आता दिसत नाही. तिची जागा पाठीवरच्या पिशवीने घेतली आहे. पण उतरणाऱ्याच्या मनातील पहिला प्रश्न बदललेला नाही. काम मिळेल, शिक्षणही होईल. पण राहायचे कोठे? बहुतेकांना पहिली काही वर्षे तरी या प्रश्नाचे एकच उत्तर मिळते : भाड्याच्या खोलीत.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी याच स्वारगेटपासून जिल्हा न्यायालयापर्यंतचा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला. मध्ये मंडई आणि कसबा पेठ ही दोनच स्थानके. सुमारे साडेतीन किलोमीटरचे हे अंतर गाडी काही मिनिटांत कापते. या मार्गाने जाताना मनात येते, की आपल्या डोक्यावर जुन्या पेठा आहेत आणि त्या पेठांतून अजून तग धरून असलेले वाडे. मार्गाच्या एका टोकाला घर शोधणारा माणूस उतरतो, दुसऱ्या टोकाला घर टिकवण्यासाठी तारखा मोजणारा माणूस उभा असतो. गाडीने या दोन टोकांमधील अंतर मिटवले. सामान्य भाडेकरू आणि न्याय यांच्यातील अंतर मात्र अद्याप मिटलेले नाही, आणि ते मिटवण्यासाठी केवळ कायदा पुरेसा नाही. त्यासाठी तो कायदा हातात घेऊन त्याच्या शेजारी उभा राहणारा माणूस हवा.

बिस्किटाच्या डब्यातील पावत्या

माझे बालपण शुक्रवार पेठेतील एका वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. पुढच्या चौकात मालकांचे बिऱ्हाड, मागच्या बाजूला आम्ही पाच-सहा भाडेकरू. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडील भाडे देऊन पावती आणत आणि बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात ती तारखेवार लावून ठेवत. आम्हा मुलांना त्या डब्याला हात लावण्याची मुभा नव्हती. घरात दागिना म्हणावा असे फारसे काही नव्हते. आमच्या दृष्टीने तो डबाच तिजोरी होता.

मालक आणि भाडेकरू यांच्यात भांडणे होत नसत असे नाही. नळावरून, जिन्यावरील दिव्यावरून कुरबुरी चालत. पण हळदीकुंकवाला मालकीणबाई आमच्याकडे येत आणि आजारपणात आई त्यांच्याकडे जाई. वृद्ध मालक गेले आणि चित्र पालटले. पुढच्या महिन्यात वडील भाडे घेऊन गेले, तेव्हा "आता भाडे नको" एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या महिन्यातही तेच. वडील सरळमार्गी, त्यांना वाटले, घेत नाहीत तर आपला काय दोष? शेजारच्या वाड्यातील एक वकील सहज घरी आले होते. त्यांनी हे ऐकले आणि वडिलांना तेथल्या तेथे मनिऑर्डरचा फॉर्म भरायला लावला. "नाकारून परत आलेली मनिऑर्डरसुद्धा पावतीच असते. ती याच डब्यात ठेवा," असे ते म्हणाले. पुढे थकबाकीच्या कारणावरून दावा झाला, तेव्हा त्या परत आलेल्या मनिऑर्डरींनीच आमचे छप्पर वाचवले.

त्या वकिलांनी वडिलांकडून एक पैसाही घेतला नाही. पण ही गोष्ट आठवताना मला त्यांच्या मोठेपणापेक्षा आमच्या नशिबाचे आश्चर्य अधिक वाटते. ते त्या संध्याकाळी घरी आले नसते तर? एका सचोटीच्या कुटुंबाचे घर, योग्य वेळी योग्य माणूस चहाला आला या योगायोगावर टिकून राहावे, ही समाजाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट नव्हे.

अर्धशतक गोठलेले भाडे

हा प्रश्न समजून घ्यायचा तर कायद्याची वाटचाल थोडी पाहावी लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांकडे लोंढे वाढले, घरे अपुरी पडली आणि भाड्यांवर नियंत्रण घालणे सरकारला भाग पडले. स्वातंत्र्यानंतर १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे ठरले. त्या दिवसांत हे आवश्यकच होते. परंतु तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था पन्नास वर्षे चालली. सोने, धान्य, सिमेंट, मजुरी साऱ्यांचे भाव वाढले. घराचे भाडे मात्र १९४० सालातच थांबून राहिले.

अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की काळाच्या ओघात या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने १ ऑक्टोबर १९८७ ही नवी आधारतारीख धरली आणि दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा मालकाला दिली. केंद्र सरकारने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. पण घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे भवितव्य १९९९च्या कायद्यानेच ठरते.

या कायद्यातील एकच हिशेब येथे मांडतो. घर राहण्यायोग्य राखण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. आता एखाद्या वाड्यातील खोलीचे भाडे महिना शंभर रुपये धरा. वर्षाचे बाराशे झाले. त्याचा चतुर्थांश तीनशे. तीनशे रुपयांत सिमेंटचे एक पोते मिळणेही कठीण! म्हणजे मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूचा हक्क कागदावर राहतो आणि तुळई मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत जाते. मग एके दिवशी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. वाडा जितका खचतो तितकी जमिनीची किंमत चढते, हे ज्याला उमगले आहे असा तिसरा माणूस, म्हणजे विकसक, याच दिवसाची वाट पाहत असतो.

या क्षणी मालकाच्या मदतीला विकसकाचा वकील असतो. विकसकाकडे अभियंता असतो, वास्तुविशारद असतो. भाडेकरूकडे असतो बिस्किटाचा डबा.

वकील काय करतो?

इंग्लंडमध्ये १ डिसेंबर १९६६ रोजी 'शेल्टर' नावाची सेवाभावी संस्था सुरू झाली. बेघर होणाऱ्या एका तरुण कुटुंबावरील 'कॅथी कम होम' हे नाट्य त्याआधी पंधरा दिवस बीबीसीने दाखवले होते आणि देश हेलावून गेला होता. ही संस्था आज घरावरून संकटात सापडलेल्यांना कायद्याचा सल्ला देते. तिच्याकडे त्यासाठी वकील नेमलेले असतात. न्यूयॉर्क शहराने २०१७मध्ये एक पाऊल पुढे टाकले. घर खाली करण्याच्या दाव्यात अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूला वकील मिळालाच पाहिजे, असा कायदाच त्या शहराने केला. तेथे 'भाडेकरूंच्या हक्कांचा वकील' ही एक ओळखीची वाट आहे. विधी महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण ती जाणीवपूर्वक निवडतो. आपल्याकडे या कामाला अजून नावही नाही.

माझ्या परिचयाच्या एक वकील भगिनी स्वारगेटजवळ एका सेवासंस्थेच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतात. एक संध्याकाळ मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. न्यायालयातील आवेशपूर्ण युक्तिवाद ही आपली वकिलीची कल्पना. तेथे तसे काहीच घडले नाही. जे घडले ते कारकुनी कामासारखे दिसत होते, आणि तेच खरे काम होते.

पहिल्या आजी आल्या त्या थकबाकीची नोटीस घेऊन. ताईंनी आधी नोटिशीची तारीख पाहिली. भाडे थकल्याच्या कारणावरून मालकाला नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत थकलेले भाडे पंधरा टक्के सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरले आणि पुढेही नियमित भरत राहिले, तर त्या कारणावरून घर जात नाही. आजींनी नोटीस देवघरात ठेवून दिली होती! कायद्याने दिलेले नव्वद दिवस त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यातले बरेच दिवस निघून गेले होते.

दुसरी एक तरुण विधवा होती. भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, सासरे वारलेले, आणि "तुझा या घराशी संबंध काय?" असा प्रश्न तिला विचारला जात होता. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातील माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू ठरू शकतो. पण ती तेथे राहत होती हे सिद्ध कशाने करायचे? ताई एकेक कागद विचारीत होत्या : शिधापत्रिका, मतदार यादी, मुलाच्या शाळेचा दाखला, गॅसचे पुस्तक. तिसऱ्याचे पाणी तोडले होते. अत्यावश्यक सोयी तोडण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्या पूर्ववत करण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो, हे ऐकून तो गृहस्थ अक्षरशः खुर्चीत सावरून बसला.

चौथे होते स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन विद्यार्थी. अकरा महिन्यांचा करार संपला होता, मालक अनामत परत देत नव्हते आणि "आम्ही खोली सोडणारच नाही" असा दोघांचा पवित्रा होता. ताईंनी त्यांना स्पष्ट सांगितले, की लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहणारा हा वाड्यातील भाडेकरूसारखा संरक्षित नसतो. मुदत संपल्यावर राहिलात, तर दुप्पट आकार लागू शकतो आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे प्रकरण गेले, तर बचावाची परवानगी मागायलाही समन्सपासून तीसच दिवस मिळतात. "अनामतीसाठी मी पत्र लिहून देते. पण खोली सोडा." करार नोंदलेला नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आले. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते आणि नोंदला नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरण्याकडे कायद्याचा कल असतो. हा मुद्दा त्या पत्रात आला.

त्या संध्याकाळी एकही दावा दाखल झाला नाही. तरीही चार कुटुंबे आणि कदाचित चार मालक पुढच्या काही वर्षांच्या मनस्तापातून वाचले असतील. भाडेकरूचा खटला बहुधा न्यायालयात हरला जात नाही. तो न हलवलेल्या कागदात, न दिलेल्या उत्तरात आणि निघून गेलेल्या मुदतीत आधीच हरलेला असतो.

दोघांना सारखाच दंड

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भाडेकरूंचे हक्क म्हणजे मालकांवर अन्याय नव्हे काय? पेठांमधून अशा कितीतरी वृद्ध मालकीणबाई आहेत, की ज्यांच्या नावावर वाडा आहे आणि औषधाला पैसे नाहीत. भाडेकरूने उपनगरात स्वतःची सदनिका घेतली आहे, वाड्यातील खोलीला केवळ कुलूप आहे, आणि पुनर्विकासात मिळणाऱ्या जागेवर डोळा ठेवून ते कुलूप वर्षानुवर्षे लटकत आहे. अशा माणसाच्या बाजूने सेवासंस्थेने का उभे राहावे?

उभे राहू नये, हेच त्याचे उत्तर. कायदाही त्याच्या बाजूचा नाही. दाव्याच्या आधी सलग सहा महिने जागा सबळ कारणावाचून वापरात नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी गरज असेल तरीही मागता येतो. तेव्हा अधिक हाल कोणाचे होतील, याची तुलना न्यायालय करते. कायद्याची ही दृष्टी समतोल आहे आणि ती आपल्या परंपरेला परकीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे तिसरे अधिकरण व्यवहाराच्या न्यायाचे आहे. त्यातील घरांविषयीच्या नियमांत म्हटले आहे, की मनाई केली असतानाही जो घरात राहतो त्याला बारा पण दंड, आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला जो बाहेर काढतो त्यालाही बारा पणच दंड. चोरी, दांडगाई, खोट्या हक्काने उपभोग अशी कारणे असतील तर काढणाऱ्याला दोष नाही. भाडेकरू स्वतःहून सोडून गेला, तर उरलेल्या वर्षाचे भाडे त्याने द्यावे.

मालकाला एक माप आणि भाडेकरूला दुसरे, असे येथे नाही. चुकणारा कोण, एवढेच पाहिले आहे. मालक विरुद्ध भाडेकरू असा वर्गसंघर्ष उभा करणाऱ्यांना हा विचार मानवणार नाही. बाजाराला सारे सोपवून मोकळे होणाऱ्यांनाही तो मानवणार नाही. पण एका वाड्यात राहणारे दोन्ही पक्ष एकाच समाजाचे घटक आहेत असे जर आपण मानतो, तर भाडेकरूच्या वकिलाची पहिली कसोटी हीच, की तो आपल्या पक्षकाराला 'सोडा' असे सांगू शकतो काय. त्या संध्याकाळी ताईंनी विद्यार्थ्यांना तसे सांगितले. म्हणूनच आजींसाठी त्यांनी लिहिलेल्या उत्तराला वजन राहील.

पुण्याला हे नवे नाही

वकिलीचा उपयोग लोकसेवेसाठी करण्याचा धडा पुण्याने दीडशे वर्षांपूर्वीच गिरवला आहे, आणि तोही स्वारगेटच्या शेजारी असलेल्या पर्वतीच्या निमित्ताने. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या लोकांच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. ते व्यवसायाने वकील. सभेचा सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणणाऱ्याने आधी लोकांची सही आणावी, हा खास वकिली विचार त्यामागे होता. लोकांचे तंटे सरकारी न्यायालयाबाहेर मिटावेत यासाठी सभेच्या प्रेरणेने लवाद न्यायालयही चालले. आणि १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्यास सार्वजनिक काका पुढे झाले. ज्याच्या बाजूने उभे राहणे गैरसोयीचे आहे त्याच्या बाजूने उभे राहणे, हे वकिलीचे सत्त्व त्यांनी दाखवून दिले.

स्वतंत्र भारताने हे कर्तव्य राज्यघटनेत नोंदवले. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला : दारिद्र्यामुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने विनामूल्य कायदेविषयक साहाय्य द्यावे. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, आपद्ग्रस्त यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपये ही उत्पन्नमर्यादा आहे. त्या आजी आणि ती तरुण विधवा, दोघींनाही हा हक्क होता. दोघींपैकी एकीलाही तो ठाऊक नव्हता. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला असता तर प्राथमिक मार्गदर्शन मिळाले असते, हेही नाही.

मग व्यवस्था असताना सेवासंस्थेची गरज काय? गरज आहे ती वेळेची आणि सलगपणाची. सरकारी यादीतील वकील आपली इतर प्रकरणे सांभाळून हे काम करतो आणि बहुधा दावा लागल्यावर येतो. ही उणीव शासनालाही जाणवली आहे. म्हणून तर २०२२मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने फौजदारी प्रकरणांतील गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. आरोपीला पूर्णवेळ वकील हवा हे मान्य झाले, उत्तमच झाले. घर गमावण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या निरपराध माणसासाठी मात्र तशी योजना नाही.

वेळेला किती महत्त्व आहे, याचे उदाहरण याच परिसरात घडले. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांची दैना झाली. जून २०२१मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्यालगतच्या घरांवर पाडकाम सुरू झाले. पाऊस तोंडावर, बाहेर महामारी. त्याच दिवशी न्यायालयाकडून स्थगिती मिळाली आणि यंत्रे थांबली. ते रहिवासी वाड्यातील भाडेकरू नव्हते, त्यांच्या हक्काचा कायदाही वेगळा. ओढ्याचे रुंदीकरण आवश्यक होते की नाही, हाही वेगळा प्रश्न. येथे एवढेच पाहावे, की अर्ज घेऊन न्यायालयात जाणारे कोणी तरी त्या दिवशी हजर होते. दुसऱ्या दिवशी मिळालेली स्थगिती ढिगाऱ्याला मिळाली असती.

छेचाळीस आणि एकोणपन्नास

एखाद्या संस्थेने ठरवले, की आपण भाडेकरूंसाठी पूर्णवेळ वकील पगारावर नेमू, तर पहिली अडचण नियमांचीच येते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत ४६वा नियम सांगतो, की ज्याला वकिलाची खरी गरज आहे तो पैसे देऊ शकत नसला तरी साहाय्यास पात्र आहे, आणि निर्धन व पीडित यांना आपल्या ऐपतीच्या मर्यादेत विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाच्या सर्वश्रेष्ठ सामाजिक कर्तव्यांपैकी एक आहे. तीनच नियम पुढे गेले की ४९वा नियम येतो : वकिली करीत असताना वकिलाने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. वकील धन्याचा बांधील नसावा, हा दुसऱ्या नियमाचा हेतू उदात्त आहे. पण दोन्ही एकत्र वाचले, की इंग्लंडमधील संस्थेसारखी नोकरी आपल्याकडे सरळ का निर्माण होत नाही, हे कळते. कर्तव्य सांगितले आहे, आणि त्या कर्तव्यावर पोट भरण्याची वाट अरुंद ठेवली आहे. परिणामी हे काम निवृत्तांच्या फुरसतीवर किंवा तरुणांच्या पहिल्या दोन वर्षांच्या उत्साहावर चालते. संसार मागे लागला की तरुण वकील दुसरीकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही.

यातून मार्ग आहे. वकिलाला नोकरीत न घेता ठरावीक दिवसांचे व प्रकरणांचे मानधन द्यावे; त्याची सनद आणि त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहील. पूर्णवेळ नेमायचा तो कार्यकर्ता, जो कागद जमवील, मुदतींची वही ठेवील, आजींना न्यायालयाच्या दारापर्यंत नेईल आणि परत आणील. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांसाठी ४९व्या नियमाला मर्यादित अपवाद करावा काय, याचा विचार वकिलांच्या संघटनांनी अवश्य करावा. दोन पथ्ये मात्र संस्थेने कटाक्षाने पाळावीत. निकालावर किंवा मिळणाऱ्या जागेतील हिश्शावर फी ठरवणे वकिलाला नियमानेच वर्ज्य आहे. संस्थेनेही तसली 'टक्केवारी' दाराबाहेर ठेवावी. आणि पुनर्विकास करणाऱ्या विकसकाची देणगी घेऊ नये. ज्या संस्थेच्या देणगीदारांच्या फलकावर विकसकाचे नाव आहे, तिच्या टेबलावर भाडेकरूने आपला डबा कोणत्या विश्वासाने उघडावा?

सेवेच्या यादीतील मोकळी जागा

रक्तदान, रुग्णसाहाय्य, वसतिगृहे, संस्कारवर्ग, आपत्तीतील मदत अशी सेवाकार्यांची मोठी परंपरा आपल्या कार्यकर्त्यांनी उभी केली आहे. पूर आला तर आपण कोणाच्या बोलावण्याची वाट पाहत नाही. पण नोटीस येते तेव्हा पाणी दिसत नाही, आक्रोश ऐकू येत नाही. एक कुटुंब निमूटपणे शहराच्या कडेला सरकते, मुलांची शाळा सुटते, आजींचा डॉक्टर आणि देऊळ सुटते, आणि वाड्यातील शेजार कायमचा उसवतो. ही आपत्ती एकेका घरावर येते, म्हणून ती आपत्ती नाही काय?

या कामासाठी प्रत्येकाने वकील असण्याची गरज नाही. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कितीतरी जण हे वाचत असतील. नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणे, तारखांची वही ठेवणे, पाकिटावरचा शिक्का पाहणे हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक चांगले जमेल. वकील असाल तर महिन्यातील दोन संध्याकाळी द्या. मालक असाल तर भाडे स्वीकारा, पावती द्या आणि वाद असेल तर लोकन्यायालयात मिटवण्याची तयारी ठेवा. भाडेकरू असाल आणि दुसरे घर झाले असेल, तर त्या कुलपाविषयी एकदा मनाशी बोला.

आमचा तो वाडा आता नाही. वडीलही नाहीत. डबा मात्र मी ठेवला आहे. त्याच्या तळाशी, नाकारून परत आलेल्या मनिऑर्डरींच्या गठ्ठ्याखाली, वडिलांच्या अक्षरात त्या वकिलांचे नाव आणि पत्ता लिहिलेला एक कागद आहे. अडचण आली तर कोणाकडे जायचे, ते त्यांनी आमच्यासाठी लिहून ठेवले होते. स्वारगेटला उतरणाऱ्या आणि पेठांतून राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असा एक पत्ता माहीत असावा, एवढेच आपल्याला करावयाचे आहे.